कौटुंबिक कायदा कुठे वाचावा, कसा पडताळावा? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

कौटुंबिक कायद्याविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन या सदरातून केल्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे: आमच्या घरी असे घडले आहे, तर कायदा कोणाच्या बाजूने आहे? एकाच बाजूचे म्हणणे ऐकून आणि कागदपत्रे न पाहता असा निकाल देणे कोणावरही अन्याय करणारे ठरेल. म्हणून कायद्याचा मूळ मजकूर कुठे मिळतो, तो आज लागू आहे की नाही हे कसे ओळखावे आणि वाचून झाल्यावर कोणाकडे जावे, हे ज्या पत्रांच्या निमित्ताने सांगता येईल, ती पत्रे येथे निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि गावे हेतुतः दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वडील २००१ मध्ये वारले. वडिलोपार्जित घर आणि जमीन यांत मी वाटा मागितला, तेव्हा भावाने सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निवाड्याची प्रत समोर ठेवली. ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात नसतील तर मुलीला सहदायिकीत, म्हणजे जन्मानेच हक्क मिळणाऱ्या एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत, हक्क नाही, असे त्यात खरोखरच म्हटले आहे. शिवाय माझे लग्न १९९४ च्या आधी झाल्यामुळे महाराष्ट्रात मला तसाही हक्क नाही, असे गावातले जाणकार सांगतात. प्रत खोटी नाही, मग मी काय समजावे?

उत्तर : प्रत खरी आहे आणि तुम्ही ती स्वतः वाचलीत, हे फार चांगले केलेत. तो निवाडा ‘प्रकाश विरुद्ध फुलवती’ या प्रकरणातला असून तो दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने दिला होता. पुढे ११ ऑगस्ट २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ‘विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा’ या प्रकरणात तो चुकीचा ठरवून मोडीत काढला. मुलीचा सहदायिक म्हणून असलेला हक्क जन्मानेच निर्माण होतो, त्यामुळे मुलींना हा हक्क देणारी हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील दुरुस्ती अमलात आली त्या दिवशी, म्हणजे ९ सप्टेंबर २००५ रोजी, वडील हयात असण्याची अट नाही, असे या निवाड्यात स्पष्ट केले आहे. जाणकारांच्या म्हणण्यातही निम्मेच तथ्य आहे. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना सहदायिकीत स्थान दिले, पण त्या दिवसाआधी लग्न झालेल्या मुलींना वगळले होते, हे खरे आहे. मात्र केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीत लग्नाची अशी कोणतीही अट नाही. १९९४ ची गोष्ट अजून गावोगाव सांगितली जाते आणि तिच्या आधारे बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात, याचे वाईट वाटते.

आता हे माझ्या शब्दावर न विसंबता पडताळून पाहा. भारत सरकारच्या ‘इंडिया कोड’ या संकेतस्थळावर केंद्राचे आणि राज्यांचे कायदे विनामूल्य वाचता येतात. तेथे हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ उघडून कलम ६ काढा. कलमाच्या क्रमांकाजवळ एक बारीक अंक असतो आणि त्याच अंकाची तळटीप पानाच्या खाली असते. हे कलम २००५ च्या अधिनियम ३९ ने बदलून नव्याने घातले असून ते ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे, असे तेथे नमूद केलेले दिसेल. कायदा वाचणारे बहुतेक लोक ही बारीक टीप सोडून देतात, पण कलमाचा जन्म केव्हा झाला आणि त्यात बदल कधी झाला, हे तीच सांगते. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या ‘ई-एससीआर’ या विनामूल्य संग्रहात विनीता शर्मा प्रकरण शोधा. बऱ्याच निवाड्यांचे मराठी अनुवादही तेथे उपलब्ध आहेत. ते समजून घेण्यासाठी उपयोगी असले, तरी न्यायालयात इंग्रजी मजकूरच प्रमाण मानला जातो.

वकील किंवा पुस्तके ‘(२०२०) ९ एससीसी १’ असा संदर्भ देतात, तेव्हा ‘एससीसी’ म्हणजे ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ ही निवाड्यांची छापील मालिका, आणि पहिला आकडा वर्षाचा, दुसरा खंडाचा आणि शेवटचा पानाचा असतो. विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एवढा संदर्भ दिला, तरी नेमका खंड हातात मिळतो. तेथेच ग्रंथपालांना आणखी एक गोष्ट विचारा: हा निवाडा पुढे कोणकोणत्या निवाड्यांत उद्धृत झाला आणि त्याचे काय झाले? ग्रंथालयाने वर्गणी भरलेल्या निवाड्यांच्या संगणकीय संग्रहांत ही माहिती काही मिनिटांत मिळते. भावाने दाखवलेल्या प्रतीवर २०२० मध्ये काय घडले हे कधीच उमटणार नव्हते, कारण छापील प्रत छापण्याच्या दिवशीच थांबते. म्हणून कोणीही निवाडा पुढे केला, की त्याची तारीख आणि न्यायमूर्तींची संख्या आधी पाहावी.

मात्र या निवाड्यामुळे तुमचा वाटा निश्चित झाला, असे समजू नका. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने वाटप झाले असेल, तर ते कायम राहते. तोंडी वाटपाचा बचाव सहसा मान्य होत नाही, पण सार्वजनिक कागदपत्रांचा भक्कम आधार असल्यास अपवादाने तो विचारात घेतला जाऊ शकतो. शिवाय मिळकत खरोखर सहदायिकीची आहे की वडिलांनी स्वतः घेतलेली, हा वेगळाच प्रश्न आहे. स्वतः घेतलेल्या मिळकतीचे मृत्युपत्र नसेल, तर मुलगा, मुलगी, विधवा आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस ठरतात, आणि मुलीचा हा हक्क १९५६ पासूनच आहे. सात-बारा, फेरफार आणि वडिलांचा मृत्यूचा दाखला घेऊन वकिलांना भेटा. तोपर्यंत कोणत्याही कागदावर सही करू नका.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. न्यायालयाच्या ग्रंथालयात सामान्य माणसाला बसून वाचता येते का?

उत्तर : सहसा नाही. न्यायालयातील ग्रंथालये न्यायाधीशांसाठी असतात आणि वकील संघाची ग्रंथालये त्यांच्या सभासदांसाठी. विधी महाविद्यालयाच्या प्राचार्यांकडे वाचनाचा हेतू सांगून लेखी अर्ज केल्यास तेथे बसून वाचण्याची परवानगी मिळू शकते. शासकीय जिल्हा ग्रंथालयात संदर्भ विभागाची चौकशी अवश्य करावी. आपल्या स्वतःच्या प्रकरणाची पुढची तारीख किंवा आदेश पाहायचा असेल, तर ग्रंथालयाची गरजच नाही. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो आणि तो ‘ई-कोर्ट्स’च्या संकेतस्थळावर टाकला की प्रकरणाची सद्यःस्थिती दिसते. काही कौटुंबिक प्रकरणांत पक्षकारांच्या खासगीपणासाठी आदेश उघड ठेवलेले नसतात. अशा वेळी न्यायालयातून प्रमाणित प्रत मागून घ्यावी.

प्रश्न : मी तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. पोटगी, घटस्फोट आणि वारसा यांविषयी विचारणारे लोक सतत येतात. एका कपाटापुरती जागा आहे. त्यात काय ठेवावे आणि लोकांना किती सांगावे?

उत्तर : या प्रश्नाचे मनापासून स्वागत, कारण तालुक्याच्या ठिकाणी असे एक कपाट असणे ही अनेक घरांसाठी मोठी सोय आहे. जाडजूड भाष्यग्रंथांच्या मागे लागू नका. ते लवकर जुने होतात आणि सामान्य वाचकाला त्यात वाट सापडत नाही. आधी बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे निव्वळ कायद्याचा मजकूर असलेल्या पुस्तिका, घ्या. त्यांत हिंदू विवाह अधिनियम, १९५५, तसेच उत्तराधिकार, दत्तक व निर्वाह आणि अज्ञानत्व व पालकत्व यांविषयीचे १९५६ चे तीन अधिनियम हवेत. सर्व धर्मीयांना उपयोगी पडणारे विशेष विवाह अधिनियम, १९५४, पालक व पाल्य अधिनियम, १८९०, कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा अधिनियम हेही हवेत. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी वाचकांना ‘आमच्यासाठी इथे काहीच नाही’ असे वाटू नये, म्हणून १९३७ चा शरियत अधिनियम, १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद अधिनियम, १८६९ चा घटस्फोट अधिनियम, १९३६ चा पारशी विवाह अधिनियम आणि १९२५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम ही पुस्तकेही त्याच कपाटात ठेवा.

वाचकाच्या हाती पुस्तक देताना प्रथम सुरुवातीची कलमे (हिंदू विवाह अधिनियमात कलम २) उघडून दाखवा, म्हणजे कायदा कोणाला लागू आहे ते तेथेच कळते. हिंदू विवाह अधिनियम बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. अनुसूचित जमातींना मात्र केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याशिवाय तो लागू होत नाही. आदिवासी तालुक्यांत हा मुद्दा दुर्लक्षित राहिला, तर संपूर्ण अर्जच चुकीच्या कायद्याखाली जातो.

जुन्या पुस्तकांविषयी विशेष दक्षता घ्यावी लागेल. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आणि पोटगीचे सर्वांच्या तोंडी असलेले कलम १२५ आता कलम १४४ झाले. दंड संहितेतील विवाहितेच्या छळाविषयीची ४९८-अ ची तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ मध्ये गेली. तरीही जुन्या प्रती रद्दीत काढू नका, कारण त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच दंड संहिता लागू राहते. त्या वेगळ्या खणात ठेवा आणि प्रत्येक पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छपाईचे वर्ष ठळक अक्षरांत चिकटवा. भाषा संचालनालयाने तयार केलेले केंद्रीय अधिनियमांचे मराठी पाठ मिळवण्याचा प्रयत्न करा, पण मराठी प्रतीत अलीकडची दुरुस्ती आली आहे की नाही हे इंग्रजी मजकुराशी ताडून पाहिल्याशिवाय ती पुढे करू नका.

लोकांना किती सांगावे, याची मर्यादा आपण स्वतः पाळायला हवी. ‘मला पोटगी किती मिळेल?’ असे एखाद्या भगिनीने विचारले, तर ‘इतकी मिळेल’ किंवा ‘मिळणार नाही’ असे न म्हणता संबंधित कलम काढून द्यावे, त्यावरील महत्त्वाचा निवाडा दाखवावा आणि तालुका विधी सेवा समितीचा पत्ता लिहून द्यावा. कायदा दाखवणे हे ग्रंथपालाचे काम आहे. तो तिच्या संसाराला कसा लागू होतो, हे सांगणे वकिलाचे. आणखी एक सूचना आहे. ही पुस्तके घरी न देता तेथेच वाचायला द्यावीत आणि कोणी कोणते पुस्तक मागितले याची नावानिशी नोंद ठेवू नये. तालुक्याच्या गावात अशी नोंदवही कोण चाळेल, याची खात्री देता येत नाही.

प्रश्न : माझे पती माझा मोबाईल रोज तपासतात. मारहाणीविषयी कायदा काय सांगतो, ते मला त्यांना न कळता वाचायचे आहे.

उत्तर : वाचण्यासाठी थांबू नका. जिवाला धोका वाटला तर ११२ या क्रमांकावर पोलिसांना बोलवा. महिलांसाठी १८१ ही मदतवाहिनी आहे आणि मोफत कायदेशीर मदतीसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे. फोन शक्यतो विश्वासातल्या दुसऱ्या व्यक्तीच्या मोबाईलवरून करा. मोबाईलमधला इतिहास पुसून टाकणे पुरेसे नसते, कारण पाळत ठेवणारी प्रणाली आधीच बसवलेली असू शकते, आणि अचानक सगळे कोरे दिसले तर संशयही वाढतो.

वाचायचेच असेल तर सार्वजनिक ग्रंथालय ही त्यातल्या त्यात सुरक्षित जागा आहे. कौटुंबिक हिंसाचाराविषयीच्या २००५ च्या अधिनियमाखालील २००६ चे नियम मागा आणि शेवटी जोडलेले नमुने पाहा. त्यातील नमुना ४ मध्ये पीडित महिलेचे हक्क दिलेले आहेत आणि नमुना ५ मध्ये सुरक्षा आराखडा आहे. कायद्याच्या कलमांपेक्षा हे दोन नमुने समजायला कितीतरी सोपे आहेत आणि माझ्या मते कौटुंबिक हिंसाचाराविषयी सर्वांत आधी तेच वाचायला हवेत. छायाप्रत घरी नेऊ नका. माहेरी किंवा मैत्रिणीकडे ठेवा.

या कायद्याने संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. घडलेल्या हिंसेचा अहवाल तयार करणे आणि दंडाधिकाऱ्यांकडे कलम १२ खाली अर्ज करण्यास मदत करणे हे त्यांचे कर्तव्य आहे. अर्जाची पहिली तारीख सर्वसाधारणपणे तीन दिवसांच्या आत असावी, असे कायदा सांगतो. परिस्थिती तशी असेल तर कलम २३ खाली समोरच्याचे ऐकण्याआधीही अंतरिम आदेश होऊ शकतो. घर सासूच्या किंवा सासऱ्याच्या नावावर आहे, म्हणून तुम्हाला तेथे राहण्याचा हक्कच नाही, असे कोणी सांगितले तर ते २००६ च्या एका निवाड्यावर आधारलेले मत आहे. ‘सतीशचंद्र आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते मत नाकारले आहे.

प्रश्न : कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारले की ती निवाड्यांची नावेसुद्धा देते. ती वापरावीत का?

उत्तर : पडताळल्याशिवाय मुळीच वापरू नयेत. अस्तित्वातच नसलेले निवाडे या प्रणाली पूर्ण संदर्भासह रचून देतात. न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने २०२३ मध्ये असे बनावट निवाडे सादर करणाऱ्या वकिलांना दंड केला होता. वकिलांचे हे झाले, तर आपण अधिकच सावध राहायला हवे. मिळालेले नाव ‘ई-एससीआर’वर किंवा संबंधित उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर शोधावे. तेथे सापडले नाही तर सोडून द्यावे, आणि सापडले तर मूळ निवाडा तेच म्हणतो का, हे वाचून पाहावे.

प्रश्न : आमच्या बचत गटांसाठी कायद्याची ओळख करून देणारा कार्यक्रम घ्यायचा आहे. मागच्या वेळी आलेल्या वक्त्यांनी दोन तासांत बारा कायदे सांगितले आणि कोणालाच काही आठवत नाही. या वेळी काय करावे?

उत्तर : एकच विषय घ्या. माझी शिफारस पोटगीची आहे, कारण कलम १४४ सर्व धर्मांच्या महिलांना लागू आहे. घटस्फोटित मुस्लिम महिलाही या तरतुदीचा आधार घेऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ च्या निवाड्यात जुन्या कलम १२५ च्या संदर्भात स्पष्ट केले आहे. मुले आणि वृद्ध आईवडीलही त्याच कलमात येतात, त्यामुळे गटातील जवळजवळ प्रत्येकीच्या घराशी त्याचा संबंध येतो.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे लेखी विनंती केल्यास वकील किंवा विधी स्वयंसेवक विनामूल्य येतात. त्यांना आधीच विषय कळवा आणि ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या ४ नोव्हेंबर २०२० च्या निवाड्याला जोडलेल्या प्रतिज्ञापत्राच्या नमुन्याच्या प्रती आणायला सांगा. पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी आपले उत्पन्न, मालमत्ता आणि देणी या प्रतिज्ञापत्रावर उघड करायची असतात. त्यातला दुसरा नमुना खास शेतीवर जगणाऱ्यांसाठी आहे. जमीन किती आहे, बागायत की जिरायत, पीक कोणते घेतले जाते, जनावरे आहेत का, कर्ज किती आहे, असे प्रश्न त्यात विचारलेले आहेत. हा कागद हातात घेऊन एकेक रकाना मोठ्याने वाचावा आणि ‘हे सिद्ध करायला घरात कोणता कागद असतो?’ एवढेच विचारावे. सात-बारा, पीककर्जाची नोंद, दूध संघाची पावती अशी उत्तरे बायका स्वतः देतील, आणि ‘नवरा म्हणतो माझे उत्पन्नच नाही’ या नेहमीच्या अडचणीला काय उत्तर द्यायचे, तेही त्यांच्याच लक्षात येईल. याच निवाड्याने पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे सांगितले आहे. तेही आवर्जून सांगावे, कारण निकालाला उशीर लागणारच, मग अर्ज तरी कशाला करायचा, असे म्हणून कित्येक जणी घरी बसतात.

सभेत कोणालाही स्वतःची हकीकत सांगायला लावू नका. ऐकणाऱ्यांत सासरचे कोणी ना कोणी असतेच. ज्यांना खासगीत बोलायचे आहे, त्यांच्यासाठी कार्यक्रमानंतर बंद खोलीत वेळ राखून ठेवा.

प्रश्न : कौटुंबिक न्यायालयात वकील लागत नाही, असे ऐकले. मग स्वतः कायदा वाचून प्रकरण चालवावे का?

उत्तर : कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १३ नुसार पक्षकाराला वकिलामार्फत उभे राहण्याचा हक्क म्हणून आग्रह धरता येत नाही. मात्र न्यायालय तशी परवानगी देऊ शकते, आणि प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणांत वकील असतात. परस्परसंमतीच्या घटस्फोटात मुलांचा ताबा, पोटगी आणि मालमत्ता यांविषयी खरोखर एकमत असेल, तर हिंदू विवाह अधिनियमाचे कलम १३-ब वाचून स्वतः हजर राहणे शक्य आहे. वाद असलेल्या प्रकरणात, विशेषतः मुलांच्या ताब्याच्या बाबतीत, तसे करू नये असे मी स्पष्टपणे सांगेन. अशा प्रकरणात कलम पाठ असून भागत नाही. पुरावा केव्हा आणि कसा दाखल करायचा, उलटतपासणीत काय विचारायचे, यावर निकाल ठरतो, आणि हे पुस्तक वाचून येत नाही.

पैशांची अडचण असेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ चे कलम १२ पाहा. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. नोकरी करणारी महिलाही यात येते, हे पुष्कळांना माहीत नसते. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा ठरलेली असते. तालुका किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवेचे कार्यालय असते. ओळखपत्र, विवाहाचा पुरावा आणि प्रकरणाची नोटीस आली असेल तर ती, एवढे घेऊन जा. अर्ज तेथेच लिहून देता येतो. वाचलेल्या कलमांची आणि निवाड्यांची टिपणे सोबत ठेवा आणि पहिल्याच भेटीत नेमलेल्या वकिलांना ती दाखवून, आपल्या प्रकरणात यातले काय लागू होते आणि काय नाही, असे विचारा.